सिंकखालची गोळी

छातीत भोक, पाठीवर साधा ओरखडा नाही, आणि आत गोळीही नाही! पोस्टमॉर्टेमच्या टेबलावरचं ते हृदय डॉक्टरीणबाईंनी तीनदा पाहिलं, फुप्फुसं चाचपली. गोळी नव्हती ती नव्हतीच.

चूक कुठे झाली ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. एक्स-रेच्या आधीच त्यांनी छाती उघडली होती, आणि साचलेलं रक्त धुऊन सिंकमध्ये सोडलं होतं. सिंकची जाळी मात्र कोपऱ्यात आरामात पडली होती. बाहेर इन्स्पेक्टर ताटकळत होते. दोन संशयित, दोन पिस्तुलं. कुणी मारलं ते आता ही गोळीच सांगणार होती.

"मामा, पाइप खोला," त्या म्हणाल्या.

मामा, म्हणजे शवागारातले जुने मदतनीस, कुरकुरत वाकले. "प्लंबरचं कामही आमच्याच गळ्यात!" पाइपातून काळा गाळ निघाला, आणि पाठोपाठ टण्णकन गोळी बादलीत पडली. "घ्या मॅडम, सुटलात!"

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी गोळी नळाखाली धरली मात्र, हात जागीच थिजला. तिच्यावर हिरवट थर चढला होता. तासाभरात कुठली गोळी अशी हिरवी होते?

मग आजची गेली कुठे? त्या टेबलाकडे वळल्या. मृताचा डावा पाय उजव्यापेक्षा पांढराफटक होता. मघाशी दिसलं होतं, पण घाईत लक्षच दिलं नाही.

"मशीन आणा. पायाचा एक्स-रे काढू."

गोळी जांघेत होती. हृदयात शिरून रक्ताबरोबर धमनीतून वाहत खाली आली होती आणि तिथे अडकली होती. बाईंनी ती काढून पाकिटात सील केली.

"ती दुसरी द्या आता फेकून," मामा म्हणाले.

"हे सिंक कधी बसवलं, मामा?"

"झाली की दोन वर्षं."

दोन वर्षांत एकाच मृतदेहात गोळी मिळाली नव्हती. घाईत पाठ न तपासताच 'गोळी आरपार गेली असावी' असं तेव्हा बाईंनीच लिहिलं होतं, खाली सहीसुद्धा केली होती. आरोपी सुटला. मेलेल्या मुलाची आई विचारायला आली होती, "नीट शोधलीत ना हो?" त्या बेधडक हो म्हणाल्या होत्या.

बाईंनी ती हिरवी गोळी पुन्हा हातात घेतली. नोकरी जाणार, कदाचित कोर्टातही उभं राहावं लागणार. दारावर इन्स्पेक्टरांची थाप पडली.

"सापडली का, मॅडम?"

"सापडली," त्या म्हणाल्या, आणि हिरव्या गोळीसाठी दुसरं पाकीट उघडलं. "दोन सापडल्या."