गु. रा. यांचा अभिप्राय

"गु. रा. यांनी बरं म्हटलेलं आहे का एखादं? नसेल तर राहू दे."

टेबलापाशी उभ्या असलेल्या बाईंनी हातातले पुस्तक शेवटच्या पानावर उघडले आणि भाऊंकडे परत सरकवले. त्या पानावर माझा अकरा ओळींचा अभिप्राय होता. मी त्यांच्या मागेच उभा होतो.

मुलुंडच्या आमच्या वाचनालयात प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक रेघी कागद चिकटवलेला असे. वाचून झाले की सभासदाने त्यावर आपले मत लिहायचे आणि खाली सही करायची. ही प्रथा ग्रंथपाल भाऊंनी घातलेली. मी नुकतीच रसायनशास्त्राची पदवी घेऊन एका रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत लागलो होतो. जे तपासता येते ते तपासल्याशिवाय सोडायचे नाही, ही सवय पुस्तके वाचतानाही सुटत नसे.

एका रहस्यकथेत सोमल घेतलेला माणूस दोन मिनिटांत मरतो. सोमलाला तास लागतात, हे मी पृष्ठांकासह नोंदवले. खाली गु. रा. यांनी लिहिले, "खुनी कोण ते मध्येच कळलं. तरी भात करपेपर्यंत उठलो नाही." यादवकाळावरच्या कादंबरीत सैनिक भाकरीबरोबर मिरची खातात. मिरची पोर्तुगीजांबरोबर आली, असे मी लिहिले. गु. रा. यांनी लिहिले, "लढाया फार. घोड्यांची नावं छान." हिमालयाच्या एका प्रवासवर्णनात कोणत्या उंचीवर पाणी किती अंशांना उकळते हे लेखकाने चुकवले होते. मी आकडे दुरुस्त करून दिले. त्याखाली होते, "मे महिन्यात वाचलं. गोधडी घ्यावी लागली."

भाऊंच्या नोंदवहीवरून मी हिशेब काढला. माझ्या अभिप्रायानंतर ते प्रवासवर्णन चार महिन्यांत दोनदा गेले होते. गोधडीनंतर दीड महिन्यात अकरा वेळा.

माझी धाकटी बहीण वसुधा म्हणाली, "तुझं वाचलं ना, की तपासलेला पेपर परत मिळाल्यासारखं वाटतं रे. लाल शाईने लिहीत जा."

मीही एकदा एकच ओळ लिहून पाहिली. "भाषा सुबोध, छपाई स्वच्छ." वसुधा दोन दिवस हसत होती.

गु. रा. यांना मी पाहिलेले नव्हते. कोणी निवृत्त मास्तर असावेत असे मी धरून चाललो होतो. म्हणून वाचनालयाच्या पुस्तक-निवड समितीवर वाचकांमधून एक जण घ्यायचे ठरले आणि भाऊंनी दोन नावे सांगितली, तेव्हा मला दुसऱ्यांदा विचारावे लागले. एक नाव शरच्चंद्र बर्वे, म्हणजे मी. दुसरे गुणाजी राणे, पंपहाउसवरचे फिटर. चौथीपर्यंत शाळा.

ती जागा मला हवी होती. नवे पुस्तक कोणते घ्यायचे हे गोधडी पांघरणारा माणूस ठरवणार, या विचाराने मला प्रयोगशाळेत परीक्षानळी धुतानासुद्धा चैन पडेना.

त्याच आठवड्यात वसुधाने दाखल क्रमांक ६१२ घरी आणले. ती एक कौटुंबिक कादंबरी होती. मागच्या कागदावर गु. रा. यांचा अभिप्राय होता, आणि या वेळी तो एका ओळीचा नव्हता. "शेवटी ती बरी होऊन घरी येते. दाराला कुलूप असतं. किल्ली शेजारणीकडे न मागता पायरीवर बसते आणि नवरा यायची वाट बघते. तो येतो तर ही आधीच भाजी निवडायला घेऊन बसलेली. असा शेवट फार दिवसांनी मिळाला." खाली तिघांनी "गु. रा. यांच्याशी सहमत" असे लिहून सह्या केल्या होत्या. तिसरी सही वसुधाची.

मी कादंबरी वाचली. पृष्ठ २५६ वर नायिकेला खोकल्याची उबळ येते, वाक्य अर्धेच राहते आणि पुढे पुठ्ठा. नव्याने बांधणी करताना शेवटचा सोळा पानांचा फर्मा गळाला होता.

"शेवट कुठे वाचलास तू?" मी वसुधाला विचारले.

"मागे लिहिलाय की त्यांनी. मग पानं कशाला शोधायची?"

शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी दादरच्या एका वाचनालयात गेलो आणि तिथली प्रत मागितली. पृष्ठ २७० वर नायिका इस्पितळात मरते. कुलूप नाही, पायरी नाही, भाजी नाही. पदवीच्या निकालाच्या दिवशीही मला इतका आनंद झाला नव्हता. मी सोळाही पाने वळणदार अक्षरात उतरवून घेतली.

रविवारी सकाळी समितीचे दोघे आणि भाऊ टेबलाभोवती बसले होते. गुणाजी राणे दाराजवळच्या बाकावर. ठेंगणा माणूस, धुतलेला खाकी सदरा, नखांत काळे ग्रीस. त्यांनी मला उठून नमस्कार केला आणि म्हणाले की तुमचं सगळं वाचतो मी, मिरचीचं मला ठाऊकच नव्हतं.

मी माझे कागद टेबलावर ठेवले आणि काय सापडले ते क्रमाने सांगितले. नसलेल्या पानांवर मत देणारा वाचक पुस्तके निवडणार का, एवढेच विचारले.

भाऊंनी राणेंकडे पाहिले. राणे नखांतले ग्रीस अंगठ्याने खरवडू लागले.

"संध्याकाळी मी बायकोला वाचून दाखवतो," ते म्हणाले. "शेवंतीला. ती उठत नाही आता. आजार तोच ओ, ह्या पुस्तकातल्या बाईचा नि तिचा. तो खोकला आला नि पानंच संपली. तिनं विचारलं, मगे काय झाला? पानां नाय असा काय सांगू तिका?"



"मग कागदावर कशाला लिहिलंत?" मी विचारले. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

"मी लिहितो ते ती वाचून बघते. नसतं लिहिलं तर तिनं ओळखलं असतं."

एवढे बोलून ते उठले. समितीवर यांनाच घ्या, मला कुठे जमतंय, असे त्यांनी भाऊंना सांगितले. दारातून परत वळून मला म्हणाले, "तुमची पानं खरी आहेत. लावा. फक्त इतक्यात नको. ती ते पुस्तक पुन्हा मागतेय."

मी समितीवर आलो. नव्या खरेदीच्या यादीत माझी सहा पुस्तके लागली. पहिले तीन महिने त्यांतले एकही कोणी घरी नेले नाही.

६१२ राणेंनी पुन्हा नेले होते. मुदत सात दिवसांची. भाऊ दर आठवड्याला निमूट नवी तारीख घालत. दर रविवारी मी विचारी, "सहाशे बारा आलं का?" भाऊ मान हलवत. खरे सांगायचे तर मला ती पाने त्या पुस्तकात लागलेली बघायची होती. ती माझ्या कपाटात नीट शिवून तयार होती.

आश्विनातल्या एका रविवारी राणे आले. भाऊ नोंद करत होते, मी खरेदीची यादी तपासत होतो. राणेंनी मुंडण केलेले होते. टाळूवर नुकते केस फुटू लागले होते. पुस्तक वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेले होते. त्यांनी कागद सोडवला, घडी करून खिशात ठेवला आणि पुस्तक माझ्यापुढे सरकवले.

"आता तुमची पानं लावलीत तरी चालेल," ते म्हणाले.

मी पुस्तक घेतले, पण उघडले नाही. भाऊंनी हळू आवाजात विचारले, दुसरं काही देऊ का.

"द्या," राणे म्हणाले. "मोठ्याने वाचायचं नको. मनात वाचायचं एखादं द्या."

भाऊंनी माझ्याकडे पाहिले. निवडीचे काम माझे होते. मी उठून कपाटाशी गेलो. चौदाशे पुस्तकांचे दाखल क्रमांक मला पाठ होते. एक काढले, परत ठेवले. दुसरे काढले, चाळले, तेही ठेवले. मागे राणे टेबलाच्या कडेवर हात टेकून, घाई नसल्यासारखे, थांबले होते.