तुला होईल

आईच्या कपाटाचं दार नुसतं उघडून चालत नाही. एका हाताने दार उघडायचं आणि दुसऱ्या हाताने आतला ढीग छातीशी थोपवायचा. त्या शनिवारी माझ्या दुसऱ्या हातात मुंगी होती. मुंगी म्हणजे माझी लेक. अजून चालत नाही, पण जमिनीवरचा कण न् कण वेचून तोंडात घालते, म्हणून हे नाव. त्यामुळे ढीग थोपवणारं कोणी नव्हतं. तो सगळा माझ्या पायांवर आला.

"बघ," पलंगावर बसलेली आई म्हणाली, "आणि मला घालायला काही नाही."

हे वाक्य मी आठवडाभर फोनवर ऐकत होते. आई चष्म्याच्या दुकानात काम करते, पण मागच्या खोलीत. काचांच्या कडा घासायच्या, फ्रेम गरम करून वाकवायच्या, डोळ्यांना दिसणारही नाहीत असले स्क्रू बसवायचे. अंगावर मळखाऊ एप्रन. गिऱ्हाइकांना तिचा फक्त हात माहीत, छोट्या खिडकीतून तयार चष्मा पुढे सरकवणारा. आता मालकीणबाईंनी तिला पुढे बोलावलं होतं. काउंटर तिचा, दुकान तिच्या हाताखाली. सोमवारी दिवसभर पुढे उभं राहून बघायचं आणि संध्याकाळी काय ते सांगायचं. ती नाही म्हणाली तर मालकीणबाईंचा भाचा येणार होता. त्याला डावी काच कुठली आणि उजवी कुठली हेही कळत नाही, असं आईचं म्हणणं.

आणि तरीही आई नाहीकडेच झुकली होती. कारण काय, तर कपडे.

"आज आपण हे निस्तरायचंच," मी म्हटलं. "तीन ढीग. ठेवायचे, द्यायचे आणि बघू."

"बघूचा मोठा कर," आई म्हणाली.

मी मुंगीला उशांच्या तटबंदीत निजवलं. तिच्या दुपारच्या झोपेच्या भरवशावर काही ठरवणं म्हणजे पाण्यातल्या म्हशीचा सौदा, पण दुसरा वेळ मला तरी कुठे होता?

पहिला हाताला लागला तो जांभळा स्वेटर. "हा?"

"तो तुझा आहे."

"माझा कसा? मीच तुला दिला होता."

"दिलास. पण मी तुझ्यासाठीच ठेवलाय ना! तुला होईल परत."

पट्ट्यापट्ट्यांचा झगा? तो मावशीचा. मावशीने दिला, पण बारीक झाली तर परत मागेल. राखाडी पँट? ती कोणाचीच नाही, पण कापड चांगलं आहे. गळाबंद फुलाफुलांचा शर्ट? तो तू आणलास ना माझ्या वाढदिवसाला? आणला होता खरा, पण दुकानात उभी राहून मी मनाशी म्हटलं होतं, आईने नाही घातला तर मला होईल.

आमच्या घरात कपडा घेताना कोणी आरशात बघतच नाही. खांदे मावशीच्या मापाचे, लांबी माझ्या मापाची, कंबर आईच्या अंदाजाने आणि रंग असा की कोणालाच वाईट दिसू नये. म्हणजे कोणालाच चांगलाही दिसत नाही. तिघींना होईल असा कपडा एकीलाही होत नाही, हे एवढ्या वर्षांत आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात शिरलं नव्हतं.

तेवढ्यात मावशी आली. आईची थोरली बहीण, आणि तिच्या आधी तिची पिशवी.

"कपाट आवरताय म्हणे? मग थोडे आणलेत हो. यातले दोन-तीन तरी तुला होतील गं."

मी कपाळाला हात लावला. आई उठली आणि तिने खिडकी उघडली. मावशीने लगेच लावली. "पोर झोपलंय, वारा लागेल."

पिशवीतून सगळ्यात आधी निघाला तपकिरी कोट. मला तो लहानपणापासून माहीत होता. बटणं बिस्किटांएवढी, कॉलर आजारी कुत्र्याच्या कानांसारखी. एक हिवाळा तो मावशीकडे असायचा, एक आईकडे आणि लग्न झाल्यापासून एक माझ्याकडे.

"हा नको," मी म्हटलं. "आई, तुझा आवडता असला तरी नको."

"माझा आवडता?" आई म्हणाली. "मला तर बघवत नाही तो. ताईचा जीव आहे त्याच्यावर, म्हणून ठेवते."

"माझा जीव?" मावशी पलंगावर मटकन बसली. "अगं, तूच हौसेने घेतलास ना? पोरीला आवडतो म्हणालीस. म्हणून मी न टाकता इमानाने परत करते दर वेळी!"

"मला आवडतो असं मी कधी म्हटलं?"

"लहानपणी त्याच्यात शिरून बसायचीस."

"लपाछपी खेळत होते मी, मावशी!"

तिघी त्या कोटाकडे बघत राहिलो. आई पुन्हा उठली आणि खिडकी उघडली. मावशीने पुन्हा लावली. मुंगी जागी झाली आणि रडायला लागली. तिला कडेवर घेतलं तर तिने माझ्या खांद्यावर आंबट ओघळ सोडला. माझा संयम तिथे संपला.

"आई, एकदा, फक्त एकदा, तुला काय आवडतं ते सांग! मावशीला काय होईल, मला काय होईल ते नको. सोमवारी त्या काउंटरमागे तू उभी राहणार आहेस, आम्ही नाही!"

"मी त्यांना नाही असंच सांगणार आहे. उगाच घसा फोडू नकोस."

"का पण? कपड्यांसाठी?"

आई मुंगीचं लाळेरं उचलून स्वतःची मान पुसायला लागली. मी पाहिलं, तिचा गळा लालबुंद झाला होता आणि कपाळावर घाम डवरला होता. बाहेर गारठा होता. मला माझ्या पायमोज्यांतही थंडी वाजत होती.

"आई?"

"मधेच अशी झळ येते," ती खाली बघत म्हणाली. "आतून कोणी चूल पेटवल्यासारखी. मागच्या खोलीत ठीक आहे, पंखा आहे, कोणी बघत नाही. पुढे काय करू? चष्मा बसवताना माणसाच्या तोंडासमोर तोंड असतं माझं. नाकावर फ्रेम ठेवायची, कानामागे बघायचं. माझ्या हनुवटीवरचा घाम त्याच्या काचेवर टपकला तर?"

घोडं इथे पेंड खात होतं तर. आणि मी आठवडाभर तिला रंगसंगतीचे व्हिडिओ पाठवत होते.

"मला नाही का सांगायचंस?" मावशी म्हणाली. "मी तर फ्रीजचं दार उघडून उभी राहायचे. तुझे भावोजी विचारायचे, एवढा वेळ काय शोधतेस? मी म्हणायचे, अंडी."

"तू तरी कधी बोललीस, ताई?"

"तू विचारलंस?"

"विचारायला माहीत कुठे होतं?"

मावशी उठली आणि तिनेच जाऊन खिडकी सताड उघडली. ती परत बसल्यावर मी मुंगीला तिच्या मांडीवर ठेवून पांघरुणात गुंडाळलं.

मग मात्र काम भराभर झालं. गळाबंद ते गेलं. लोकर टोचते, गेली. अंगाला चिकटतं ते गेलं. "आणि खिसा नसलेलं काही नको," आई एकाएकी म्हणाली, इतक्या ठामपणे की मावशीने हातातली पँट चटका बसल्यासारखी खाली टाकली. "स्क्रू ड्रायव्हर कुठे ठेवू मी?" द्यायच्या ढिगाने दार अडलं. तो कोट त्या ढिगावर मी स्वतः फेकला. ठेवायच्या ढिगात उरल्या दोन सुती पँट. वर घालायला काहीच नाही.

मला माहीत होतं काय हवं आहे. बाळंतपणाआधीचे माझे कपडे आईकडेच होते, वरच्या फळीवर, उशीच्या अभ्र्यात बांधलेले. त्यात एक गडद हिरवा शर्ट होता. पातळ, मऊ, पुढून पूर्ण उघडणारा. आमच्या घरात आरशात बघून घेतलेला तो एकच कपडा. तो घेताना मला दुसरं कोणी आठवलं नव्हतं.

"तो नाही," आईने अभ्र्याची गाठ सुटताच ओळखलं. "तो तुझा आहे. तुला होईल परत."

मी तिच्यासमोरच तो चढवून दाखवला. बटणं आणि काजं एकमेकांकडे लांबून बघत राहिली. मावशी हसली, मग मीही हसले, पण डोळे चुरचुरले.

"दूध सुटलं की होईल गं," आई हळूच म्हणाली.

"होईल तेव्हा मी दुसरा घेईन. हा तू घाल. मला बघायचाय तुझ्या अंगावर."

तिने घातला. आरशाकडे गेली, पण स्वतःला न्याहाळलं वगैरे नाही. दोन्ही हात पुढे करून हवेतल्या कोणाच्या तरी नाकावर चष्मा ठेवला, कानामागे बोटं फिरवली, मान तिरकी करून पाहिलं. मग म्हणाली, "बाह्या मधे येतात. कात्री आण."

"आई, नको! कापायचा नाही हं!"

कापला. कोपराच्या वर, सरळ रेषेत. माझ्या काळजातूनच कात्री गेली. आणि कापलेल्या तुकड्यांचे रविवारी तिने दोन खिसे शिवले.

सोमवारी संध्याकाळी मी मुंगीला भरवत असताना फोन आला.

"आली होती का झळ?" मी विचारलं.

"येणारच. एका आजोबांच्या नाकावर फ्रेम ठेवली आणि नेमकी तेव्हा. वरचं बटण काढलं, मागे सरकले, म्हटलं, आजोबा, थोडं थांबा, मला फार उकडतंय. ते म्हणाले, सावकाश होऊ द्या, चष्म्याशिवाय तुम्ही मला दिसतच नाही."

"मग? मालकीणबाईंना काय सांगितलंस?"

"म्हटलं, मागच्या खोलीतला माझा पंखा उद्यापासून काउंटरवर ठेवायचा." ती जरा थांबली. "आणि ऐक, मुंगीच्या बाबागाडीखालची जाळी बघितलीस का?"

मुंगीला खाली ठेवून मी वाकून पाहिलं. बिस्किटाएवढं एक बटण जाळीतून बाहेर आलं होतं.

"आई!"

"अगं, कापड चांगलं आहे. मोठी झाली की तिला होईल."

मी तिला चांगलं सुनवणार होते. पण माझं लक्ष नाही असं बघून मुंगी रांगत गाडीखाली पोचली होती आणि ते बटण तिच्या तोंडात होतं.