दोन ओळींत काय झाकणार

जाहिदाने लिहिलेली कादंबरी तीनशे पानांची होती तोवर ती निर्धास्त होती. जुईनगरच्या त्या फ्लॅटमध्ये तीनशे पानं वाचायची कुणाची टाप नव्हती, आणि तिचा नवरा कासिम विजेच्या बिलापलीकडे काही वाचत नसे. पण एका प्रकाशनाने नवी टूम काढली: कादंबरीबद्दल दोन ओळी सोशल मीडियावर टाका, आज संध्याकाळी सहापर्यंत. संपादकांना आवडल्या तर ते खाली लाल बदामाची खूण देतील, मग हस्तलिखित पाठवायचं.

सकाळी तिने लिहिलं, ‘स्त्रीमनाच्या हळुवार भावविश्वाची कहाणी.’

मुलगी आफरीन कॉलेजला निघता निघता वाचून म्हणाली, “अम्मी, ही तर साबणाची जाहिरात वाटते. बाईला पायजे काय आणि अडतंय कुठे, एवढंच लिही ना.”

एवढंच! बाईला काय हवं होतं, ते जाहिदाला पक्कं ठाऊक होतं.

कासिम कुवेतहून कायमचा परतला त्याला दोन वर्षं होत आली होती. माणूस भला. पण आल्या दिवशीच त्याने घराचा ताबा घेतला. चहाचा डबा वरच्या फळीवर गेला, तिची लिहायची खुर्ची बाल्कनीत गेली, आणि दिवसभर टीव्ही बोंबलू लागला. ज्याची इतकी वर्षं वाट पाहिली त्याचाच तिला जाच होत होता. असं वाटण्याची तिला लाज वाटे, म्हणून ती मुकाट्याने स्टुलावर चढून चहाचा डबा काढी.

दिवसभर लिही, खोड चाललं होतं. सहा वाजत आले तशी तिने डोळे मिटून टाकलंच: ‘सफियाचा नवरा वीस वर्षांनी आखातातून घरी आलाय, कायमचा. गाव मुबारकबाद देतंय. सफियाला तो घरात नकोय. सांगणार कुणाला?’

तिच्या माहेरी एक रिवाज होता. आपल्या माणसाने काहीही टाकलं की न वाचता बदाम द्यायचा. शिरवण्यात राहणाऱ्या जुनैदने, तिच्या भावाने, पोस्ट लगेच खानदानाच्या ग्रुपवर ढकलली. ‘आपल्या जाहिदाची पोस्ट! सगळ्यांनी बदाम द्या!’ खाला, मामू, कुवेतचे भाचे, सगळे तुटून पडले. त्या गर्दीत संपादकाचा बदाम कुठला, अल्लाला ठाऊक. पण जाहिदाला आता त्याची पडलीच नव्हती. त्या ग्रुपवर कासिमही होता.

हॉलमधला टीव्ही बंद झाला.

कासिम दारात येऊन उभा राहिला. चष्मा डोळ्यांवर, मोबाइल हातात. चिडला असता तर तिला सोपं गेलं असतं.

“ही सफिया,” तो हळूच म्हणाला, “शेवटाला काय करते? ठेवते त्याला?”

तीनशे पानांत सफियाच्या नवऱ्याने हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता.

“त्याने विचारलं असतं तर ठेवला असता,” ती म्हणाली.

तिचा मोबाइल टुणटुण वाजतच होता. तिने तो पालथा घातला.

“आता विचारतोय ना,” कासिम म्हणाला, आणि आत न येता उंबऱ्यावरच थांबला.