मातीखाली पुरलेली पिवळी बस

मित्रांनो, मी शाळेची एक जुनी पिवळी बस. मला रस्त्यावर शोधू नका. अमेरिकेतल्या आयडाहोच्या डोंगरात, व्हर्लिन स्ट्राउडच्या कुरणात, मी मातीखाली पडून आहे.

एकोणीस वर्षं मी मुलं नेली-आणली. थंडीत माझ्या खिडक्यांवर वाफ धरली की त्यावर ती बोटाने चेहरे काढत. सीटांखाली च्युइंगम चिकटवत, त्याचाही मला कधी राग आला नाही. मग इंजिन थकलं आणि लिलावात व्हर्लिनने मला घेतलं. वाटलं, कोंबड्या ठेवील. त्याने खड्डा खणून घेतला.

व्हर्लिन स्वतःला कर्नल म्हणवायचा. फौजेत तो एक दिवसही नव्हता, टायर बदलायचा. त्याच्यासारखेच अकरा जण लष्करी छापाचे कपडे घालून, बंदुका घेऊन त्याच्याकडे जमत. सरकार आपल्या बंदुका काढून न्यायला येणार, संयुक्त राष्ट्रांचे निळ्या हेल्मेटांचे परदेशी सैनिक डोंगरात उतरणार आणि तेव्हा बायकापोरांनी माझ्या पोटात लपायचं, असा त्यांचा बेत. जिथे मुलं गाणी म्हणायची, तिथे काडतुसांच्या पेट्या रचल्या. त्यांच्या बढाया ऐकून ऐकून मला शिसारी यायची.

खड्डा खणणारा आइक म्हणालाही होता, "कर्नल, वर चार फूट माती? अहो, पत्रा आहे तो. आतून लाकडाचे खांब देऊ."

"अरे गाढवा, शाळेची बस आहे ही! उलटली तरी छप्पर बसत नाही. सरकारचा नियमच आहे तसा!"

पाहिलंत? सरकारच्या एका अक्षरावर ज्याचा विश्वास नव्हता, त्याने पोटची पोर सरकारच्याच नियमाच्या भरवशावर ठेवली. आणि तो नियम उलटणाऱ्या बसचा होता, पुरलेल्या बसचा नव्हे.

एप्रिलात बर्फ वितळलं. माती भिजून जड झाली. शनिवारी दुपारी लपण्याचा सराव होता. व्हर्लिनची सात वर्षांची मुलगी टेसा शिडीवरून सगळ्यांत आधी उतरली. वर बाप घड्याळ लावून उभा. माझ्या बरगड्या केव्हाच्या वाकत होत्या. मी धरून ठेवायची शिकस्त केली हो. पण छप्पर मधोमध खाली आलं. टेसाचा पाय सीटखाली अडकला आणि छातीपर्यंत चिखल आला.

तिच्या आईने, जॅनेलने, फोन उचलला.

"ठेव तो फोन!" व्हर्लिन ओरडला. "आम्ही बारा जण आहोत इथे!"

"बारा जणांत फावडी तीन आणि बंदुका तेवीस!"

फुटलेल्या छपरातून मला सगळं ऐकू येत होतं. मदतीच्या गाड्या आल्या, फाटकाशी थांबल्या.

"आधी वॉरंट दाखवा. सरकारी पाय माझ्या जमिनीवर पडणार नाही."

"व्हर्लिन, अर्मा आहे मी," गावच्या अग्निशामक दलाची प्रमुख म्हणाली. "तुझ्या आईच्या मयताला ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं कॅसरोल आणलं होतं ना मी? तेव्हा नाही मागितलंस ते वॉरंट!"

फाटक कुणी उघडलं नाही. खाली लेकरू "आई, आई" करत होतं आणि हे बापे फाटकावर कायद्याचा कीस काढत होते. शेवटी जॅनेलनेच कडी काढली. "घाल गोळी. आधी मला."

तो बाजूला झाला.

तासभर अर्माच्या माणसांनी हातांनी चिखल उपसला. कर्नलच्या फौजेतला एकटा आइक त्यांच्यात होता. टेसा बाहेर आली, निळी पडलेली, पण जिवंत.

"नाव काय ग तुझं, राणी?" अर्माने विचारलं.

टेसाने ओठ मिटले. नाव कागदावर चढलं की माणूस सरकारचा होतो, असं तिला शिकवलेलं. तिच्या जन्माची नोंदसुद्धा बापाने कुठे केली नव्हती.

"टेसा, गप्प!" तेवढ्यातही तो फाटकावरून ओरडला. मित्रांनो, गंजाने माझं अंग खाल्लं, उंदरांनी माझ्या सीटांत घरं केली. पण त्या क्षणी त्या माणसाची आली, तशी किळस मला कशाचीच आली नाही.

"सांग, बाळा," जॅनेल म्हणाली. "मोठ्याने सांग."

"टेसा स्ट्राउड. माझा पाय खूप दुखतोय."

अर्माने ते लिहून घेतलं.

मला आता वर काढू नका, गंजू द्या. एवढंच मागते: घरातलं कुणी मोठं माणूस आपल्या भीतीपायी खड्डा खणून तुम्हाला त्यात उतर म्हणालं, तर उतरू नका. हात सोडवून घ्या आणि शेजाऱ्याला हाक मारा, स्वतःचं नाव सांगून.