बाईंचं मानपत्र

चर्चमध्ये अडतीस वर्षं ऑर्गन वाजवणाऱ्या आणि शेजारच्या शाळेत संगीत शिकवणाऱ्या बाईंचा निरोप समारंभ रविवारी, प्रार्थनेनंतर ठेवला होता. कमिटीचे अध्यक्ष बाईंचेच जुने विद्यार्थी. बाईंनी त्यांना गाणाऱ्या मुलांतून तीनदा काढलं होतं आणि चौथ्यांदा घेतलं ते नुसते ओठ हलवायच्या अटीवर.

अध्यक्ष पाऊण तास बोलले. बाईंचा वक्तशीरपणा, बाईंचं अक्षर, बाईंचं हसू, जे आजवर कोणी पाहिलं नव्हतं. संगीताचं तेवढं राहून गेलं.

"आता बाईंनी आराम करायचा," असं म्हणत त्यांनी ऑर्गनऐवजी आणलेल्या नव्या मशीनवरचं कापड ओढलं. त्यात दोनशे गीतं भरलेली होती, शिवाय मशीन कोणावर ओरडणार नव्हतं. त्यांनी बटण दाबलं. गीत तिसऱ्या ओळीपर्यंत गेलं आणि तीच ओळ घोकत बसलं. अध्यक्षांनी दिसेल ते बटण दाबलं, तर आवाज फक्त वाढला.

बाई उठल्या. "सरक बाजूला," त्या म्हणाल्या. अध्यक्ष झटकन सरकले. बाईंनी प्लग उपटला, त्या ऑर्गनपुढे बसल्या आणि तासभर वाजवत राहिल्या. चहा गार झाला. पण निम्मी मंडळी त्यांच्या हातचा मार खाल्लेली, त्यामुळे उठायची कोणाची छाती झाली नाही.

मग अध्यक्षांनी चाचरत मानपत्र पुढे केलं. बाईंनी चष्मा लावून ते वाचलं.

"चार चुका आहेत. नीट लिहून आण. तोवर मी काही जात नाही."

याला तीन वर्षं झाली. अध्यक्ष दर महिन्याला नवं मानपत्र आणतात आणि बाई त्यात चुका काढतात.