जीप चढ घेईना

चैत्रातल्या त्या सकाळी भैय्याजींची जीप वडनेरच्या अंगणात एका झटक्यात सुरू झाली, तेव्हा गोपिकाने देवाला आणि नवऱ्याला मनोमन एकदमच हात जोडले. वर्ध्याला तिची मुलाखत होती. मास्तरिणीचं ट्रेनिंग लग्नाआधीच झालेलं. मग संसार आला, लेकरू आलं, आणि आता कुठे बोलावणं आलं होतं. नोकरीचं वय सरत चाललेलं. ही वेळ हुकली की पुन्हा बोलावतील याचा काही भरवसा नव्हता.

एसटीनं गेलं असतं तर बरं, असं तिच्या जिभेवर आलं होतं. पण दाराशी जीप असताना बायकोला एसटीत कोंबायचं हे भैय्याजींना कसं रुचावं? जीप लष्कराच्या लिलावातली. वांगी-टमाटे हिंगणघाटच्या बाजारात न्यायला त्यांनी ती घेतली होती, आणि दुसऱ्या कुणाचा हात तिला लागू देत नसत. "आपल्या गाडीचं आपल्यालेच समजते," हे त्यांचं ठरलेलं बोलणं. बायकोचा प्रवास सुखाचा व्हावा म्हणून आदल्या दिवशी त्यांनी कार्बोरेटर खोलून साफ केला होता. इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारं ते डबडं उतरवून, पेट्रोलनं धुऊन, फुंकून त्यांनी परत बसवलं. गोपिका शेजारी परात घेऊन बसली होती. निघालेला एकेक स्क्रू तिनं परातीत ओळीनं लावून ठेवला होता.

मागच्या सीटवर सासूबाई, देवकाबाई, नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बोलावण्याचं पत्र आलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "लेकराले सोडून नोकरी कायची वो?" त्यानंतर सुनेशी त्या धड बोलल्या नव्हत्या. काल रात्री मात्र ताट सारता सारता म्हणाल्या, "मले बी चालनं हाय संगं." का ते सांगितलं नाही, आणि विचारायचा गोपिकाला धीर झाला नाही.

सपाट रस्त्यावर जीप कशीबशी चालली. हिंगणघाटच्या अलीकडे एक नाला लागतो, त्याच्या चढावर मात्र तिनं मान टाकली. भैय्याजी पाय दाबतील तसा इंजिनाचा जीव कोंडायला लागला. दोन आचके देऊन ते बंद पडलं. पुन्हा सुरू केलं तर जागच्या जागी गुरगुरे, पण पाय दाबला की ठप्प.

भैय्याजींनी बॉनेट उघडलं. पेट्रोलची नळी काढून पाहिली, पेट्रोल येत होतं. प्लग काढून पाहिला, ठिणगी पडत होती. मग त्यांनी प्लगच्या वायरी हलवल्या, बॅटरी हलवली, शेवटी टायरला लाथ मारली. तेवढ्यात वर्ध्याची एसटी भोंगा वाजवत बाजूनं निघून गेली. गोपिकाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

बाबाराव नावाचे ओळखीचे शेतकरी बैलगाडी घेऊन मागून आले. गाडी उभी करून म्हणाले, "काऊन भैय्याजी, बैल लावू का? माह्ये बैल कार्बोरेटर नाई मांगत."

"तुम्ही चाला जी पुढं," भैय्याजी गुरकावले. "बिघाड सापडूनच राह्यला."

"सापडला का मंग सांगजो," असं म्हणून बाबाराव हसत हसत पुढे गेले.

भैय्याजी आता प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढायला लागले. गोपिका पदरानं डोळे पुसून खाली उतरली.

"अहो, ह्याले काल हात लावलाता का तुम्ही?"

"नाई."

"प्लगले? बॅटरीले?"

"नाई ना वो."

"मंग ते काऊन खोलून राह्यले? परवा गाडी बाजारात जाऊन आली, तवा बरी होती. भाजी बिघडली त आपण चूल तपासतो का? मांगून काय टाकलं तेच पाहतो. कालचं सांगा."

भैय्याजींनी झाकणावरचा हात काढला. मग कपाळावरचा घाम पुसून त्यांनी कालचं काम पहिल्यापासून सांगायला घेतलं. कार्बोरेटर उतरवला. धुतला. उन्हात ठेवून जेवायला गेले. मग शेतातून बोलावणं आलं. परत आले तोवर अंधारून आलं होतं, घाईनं बसवून टाकला. परातीत एकही स्क्रू उरला नव्हता, हे गोपिकाला पक्कं आठवत होतं.

"मंग सारं त बरोबर हाय," भैय्याजी म्हणाले.

मागच्या सीटवरून देवकाबाईंचा आवाज आला, "भैय्या, त्या भोकातला कापूस काढलाता ना तू?"

"कोणत्या भोकातला?"

"ते डबडं काढल्यावर खाली भोक नाई का पडलं? तू जेवाले गेलता आन् वावटळ सुटली. सारी माती आत जाऊन राह्यली होती. मी वाती वळत होती, हातात कापूस होता, कोंबला आत. उघडं भांडं कोनी ठेवते का?"

"आन् मले सांगतलं काऊन नाई माय?"

"दिसन तुले, असं वाटलं. डोये हायत ना?"

 एक काळा विचार गोपिकाच्या मनात सापासारखा सळसळून गेला. सासूबाईंनी हे मुद्दाम तर केलं नसेल? मी जाऊ नये म्हणून? तिनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

भैय्याजींनी तिथंच रस्त्याच्या कडेला कार्बोरेटर उतरवला. खाली इंजिनाच्या तोंडात, बराच खोल, पेट्रोलनं भिजलेला कापसाचा बोळा अडकला होता. पाय दाबला की तोच हवेची वाट बुजवत होता. भैय्याजींची जाड बोटं आत शिरेनात. त्यांनी पकड घातली, तर चिमूटभर कापूस तुटून वर आला.

"थांब!" देवकाबाई ओरडल्या. "तुकडे करशील त अर्धा इंजिनात जाईन. धर वो गोपिके लेकरू."

नातू सुनेच्या हाती देऊन, नऊवारीचा ओचा खोचून त्या खाली उतरल्या. जीपमध्ये पडलेल्या भाजीच्या रिकाम्या टोपल्याची, तुरीची एक खरबरीत काडी त्यांनी मोडून घेतली, अलगद आत घातली आणि दोन बोटांत फिरवायला लागल्या. वात वळावी तशी.

"ओढू नाई. पीळ द्या लागते. पीळ बसला का सारा आपसूक येते."

"माय, गरम हाय ते, हात भाजन."

"चुलीपाशी जन्म गेला माहा. मले नको सांगू."

भाजत होतंच. गोपिकाला दिसत होतं, तापल्या लोखंडाला मनगट टेकलं की म्हातारीचे ओठ आवळले जात होते. पण काडी फिरायची थांबली नाही. हळूहळू काळपट, लांब पेळू काडीला गुंडाळत वर आला. देवकाबाईंनी तो तळहातावर घेतला, दाबून पाहिला, भैय्याजींनी उपटलेला तुकडा त्याला जोडला.

"एवढाच होता. माह्या मुठीतला मले माहीत हाय. लाव आता तुहं डबडं. आन् लवकर कर, पोरीची वेळ चालली."

पोरीची वेळ. गोपिकाच्या मनातला तो काळा विचार कुठल्या कुठे गेला. तिनं लेकराला घट्ट छातीशी धरलं.

जीपनं चढ घेतला तो एका दमात. वर्ध्याच्या कचेरीत पोचले तेव्हा शिपाई नावं पुकारत होता, आणि तिचं नाव अजून यायचं होतं.

आत साहेबांनी दोन प्रश्न विचारले, कागद चाळले, आणि मान वर करून म्हणाले, "मूल लहान आहे. शाळा परगावी मिळाली तर त्याला कोण सांभाळणार?"

 याचं बोलणं घरात कधी झालंच नव्हतं. गोपिकानं दाराकडे पाहिलं. नातवाला खांद्यावर घेऊन देवकाबाई तिथं उभ्या होत्या, आणि शिपायानं हटकायच्या आत त्यांनी एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला.

"मी हावो ना साहेब. तुमी तिले जिथं धाडसान तिथं मी संगं जाईन. त्याच्यासाठीच त आली इथवर."

"आजीबाई, हात कशानं काळे झाले?"

"कार्बोरेटर साफ करून राह्यली होती."

साहेब इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आत गोपिकाला नेमणूक मिळाली, तळेगावची. देवकाबाई शब्दाला जागल्या. गाव, शेत, चूल सोडून त्या सुनेबरोबर भाड्याच्या एका खोलीत राहायला गेल्या, आणि नातू शाळेत जायला लागेपर्यंत तिथंच राहिल्या. पुढं गोपिकाबाई शिकवून निवृत्तही झाल्या. आजही कुणी त्यांच्या नोकरीचं कौतुक केलं की त्या आधी सासूबाईंचं नाव घेतात.

पण मुलाखतीच्या त्या दिवशी एवढं पुढचं कुणाला ठाऊक होतं? कचेरीच्या व्हरांड्यात येताच गोपिका वाकली आणि सासूबाईंच्या पायांवर तिनं डोकं ठेवलं. पोळलेल्या मनगटावर फुंकर घालत देवकाबाई म्हणाल्या, "पाया काय पडून राह्यली? लेकराले घे पयले. कवाचं भुकेजलं हाय."