तिबेटचा अर्ज अन् उदारामची ढोली

दिल्लीनं आमचं ऐकलं नाही, हे आधीच सांगून टाकते. मंग मागून कोणी म्हणू नका का रुक्मानं फुशारकी मारली. एकोणसाठ सालच्या दिवाळीच्या तोंडावर जगाच्या सभेत तिबेटच्या धर्माची गोष्ट निघाली, अन् आपले लोक मूग गिळून बसले. बसू द्या. आमच्या गावानं आपलं म्हणणं दिल्लीले लिहून कळवलं होतं, अन् ते लिहायच्या आधी जे केलं, त्याचा मले आजही अभिमान वाटते. मी तिथंच होती, खांबामागं.

खांबामागं काऊन, तर आम्ही पवार. आमच्यात सून भासऱ्यासंग तोंडातोंडी बोलत नाही, अन् गावचे पाटील नत्थूलाल म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, माझे सख्खे भासरे. नवरा गेल्यावर धानाची शेतं, आमच्या बांध्या, मीच पाहायची, तर कालव्याच्या पाण्याच्या बैठकीले मले जावंच लागे. मंग डोईवर पदर घेऊन चावडीच्या खांबामागं बसायचं अन् जे बोलायचं ते खांबाले बोलायचं. पाटीलही खांबालेच उत्तर देत. लोक हसत. हसोत बापडे, माझ्या बांधीले पाणी कधी कमी पडलं नाही.

त्या वैशाखात उदाराम चावडीवर आला. चोरखमारा तलावाच्या कालव्याच्या पार शेपटीले त्याची एक बांधी. नागपूरले जाऊन तो अन् त्याचा सारा मोहल्ला बुद्धाच्या धर्मात गेला, त्याले तिसरं वर्ष चालू होतं. त्यानं पेपर वाचून दाखवला. तिबेटात चीनचं सैन्य मठ फोडून राहिलं होतं, भिक्षूंले मारून राहिलं होतं, अन् तिथले मोठे गुरू बरफातून वाट काढत आपल्या देशात आले होते.

"पाटील," तो म्हणला, "आपल्या सरकारनं हे जगाच्या सभेत बोललं पाहिजे. तसा अर्ज आपल्या गावानं करावा. एकट्या आमच्या मोहल्ल्याचा गेला तं म्हणतील, यायचं घरचंच गाऱ्हाणं आहे. साऱ्यायचा गेला तं कोणी तरी वाचंल."

नत्थूलाल पाटील तापट, पण मन मोठं. "कोणाच्या देवाले हात लावते म्हणजे काय," ते म्हणले. "अर्ज जाईल."

तेंदूपानाच्या ठेकेदाराचा मुनशी गनीभाई तिथंच बिडी ओढत बसला होता. तो म्हणला, "लिखता मैं हूं. सैंतालीस में मेरे रिश्तेदार बोले, चल गनी, उधर चल. इसी पाटील ने कहा था, तेरी नमाज की जगह को कोई हाथ नहीं लगाएगा. आज तक किसी ने नहीं लगाया. अब मैं नहीं लिखूंगा तो कौन लिखेगा?"

त्यानं झकास हिंदीत अर्ज लिहिला अन् वाचून दाखवला. शेवटी होतं, 'हमारे गांव में हर आदमी अपने देव को बेखटके पूजता है, यही हक तिबेटवालों को मिले.' सारे माना डोलवून राहिले. एकट्या उदारामनं मान खाली घातली.

मले माहीत होतं काऊन ते. त्याची माय देवकाबाई धानाच्या रोवण्याले माझ्याकडं येत असे, तिनंच सांगितलं होतं. उदारामनं नागपूरहून बुद्धाची मूर्ती आणली होती. तळ्याच्या पाळीवर ओटा बांधू द्या म्हणून पंचाईले विनवलं. पंच म्हणले, तिथं आमचा दुल्हादेव आहे, जमणार नाही. तवापासून ती मूर्ती त्याच्या घरी धान साठवायच्या ढोलीत पडली होती. अन् उदाराम काऊन बोलून नाही राहिला, तेही मले समजलं. बोलला असता तर चावडीवर भांडण झालं असतं अन् तिबेटचा अर्ज तिथंच फाटला असता. परक्या मुलखातल्या भिक्षूंसाठी हा माणूस आपलं दुःख गिळून राहिला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकाले गेली.

आमच्याकडं पाण्याचा एक नेम आहे. जादा पाण्याचा अर्ज कोणी केला का पंच आधी त्याच्या बांधीवर जातात, बांध पाहतात. बांध फुटका असला तर अर्ज लिहितच नाहीत. आधी आपला बांध पाहा, मंग पाणी मांग.

मी खांबाले म्हणली, "खांबा, पाण्याचा अर्ज लिहायच्या आधी पंच बांध पाहतेत ना? मंग या अर्जाले तो नेम नाही का? यात लिहिलं का आपल्या गावात सारे बेखटके देव पूजतेत. चला तं, पाहून येऊ. उदारामच्या घरून सुरू करा."

पाटील लालबुंद झाले. "खांबाले सांगा, हे पाण्याचं काम नोहे."

"खांब म्हणते, अर्ज तो अर्ज."

या वेळी कोणी हसलं नाही. उदाराम घाईनं म्हणला, "बाई, राहू द्या. हा अर्ज जाऊ द्या आधी. आमचं मागून पाहू."

"मागून पाहता पाहता तुयी माय थकली," मी म्हणली.

तो नेम पाटलानंच कितीक जणायले लावला होता, नात्यागोत्यातल्यायलेही सोडलं नव्हतं. ते काठी उचलून उभे राहिले. "नेम तो नेम. चला."

पाटलाचा पाय त्या मोहल्ल्यातल्या घरात कधी पडला नव्हता. दारात पंच अन् त्यायच्या मागं पदर ओढलेली मी, हे पाहून देवकाबाई बावरली. उदारामनं ढोलीत खांद्यापर्यंत हात घातला, धान इकडंतिकडं केलं अन् फडक्यात बांधलेली मूर्ती काढली. चेहऱ्याले कोंडा चिकटला होता. देवकाबाईनं तो पदरानं पुसला.

"दर पुनवेले काढतो, पाटील," ती म्हणली, "अन् पुन्हा ठेवून देतो. उंदरायचं भेव वाटते, दुसरं काही नाही."

पाटील तिथंच उंबऱ्यावर बसले. मंग हळूच म्हणले, "आपले वाडवडील माळव्यातून आले, तवा दुल्हादेव बैलगाडीत होता. धानाच्या पोत्यायमंदी. इथल्या गोंडानं पाळीवर जागा देली. कोणता देव, कोणाचा देव, काही इचारलं नाही. अन् आपण यायच्या देवाले उंदरायमंदी ठेवलं."

पंचातला तेजराम कुरकुरला, "पण पाटील, दोन देव शेजारी शेजारी, भांडतील ना."

"भांडले तं देव पाहून घेतील. तू दगड आण."

बुद्धपौर्णिमा जवळ आली होती. ओटा उभा राहिला. पवारायच्या पोरायनं दगड वाहिले, गनीभाईनं गोंदियातून चुना आणला, अन् कुरकुरणारा तेजरामच सर्वात सरळ थर लावून गेला. गावाचं असंच आहे बाप्पा, बोलतील वाकडं अन् करतील सरळ. पौर्णिमेच्या दिवशी मूर्ती ओट्यावर बसली, अन् तिच्यापुढंच पाटलानं अर्ज उघडला.

"पहिली सही उदारामची," ते म्हणले.

"तुमी करा, पाटील, तुमचा मान आहे."

"तूच कर. मी वाचतो."

आमच्या गावच्या अर्जात नाव, बापाचं नाव अन् जात लिहितात, अन् पाटील ते साऱ्यायले ऐकू जाईल असं वाचतात. त्या मोहल्ल्याची जात इतकी वर्षं ते कशी वाचत, ते मी सांगत नाही. तो शब्द आता माझ्या तोंडात येत नाही. उदारामनं दौतीत टाक बुडवला. लिहून झाल्यावर त्यानं कागद पाटलाकडं सरकवला अन् दोन पावलं मागं जाऊन उभा राहिला.

पाटील वाचता वाचता थांबले. जातीच्या जागी उदारामनं एकच शब्द लिहिला होता. त्याचा मोहल्ला तो शब्द रोज बोले, पण आमच्यापैकी कोणीही, मी धरून, तोंडातून काढला नव्हता. सारे पाटलाच्या तोंडाकडं पाहून राहिले. पाटलानं घसा साफ केला अन् पाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात वाचलं, "उदाराम वल्द सोमाजी, बौद्ध."

देवकाबाई माझ्या शेजारी उभी होती. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"पाटील," ती म्हणली, "आणखी एक डाव वाचा."

अन् पाटलानं वाचलं.